शिक्षा मांगूरला, मोकळीक कुणाला?

सोनिवलीच्या रस्त्यावर एका रविवारी सकाळी घडलेला प्रसंग आहे. बदलापूर पश्चिमेचे हे गाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. भाताची खाचरे गेली, इमारती आल्या, इमारतींना फाटके आणि फाटकांना रखवालदार आले. अशाच एका फाटकापासून थोड्या अंतरावर एक कातकरी बाई प्लास्टिकचा टब घेऊन बसली होती. टबात चार बोटे पाणी, वर ओले गोणपाट आणि खाली वळवळणारे काळे, मिशांचे मासे. मांगूर.

इमारतीतले एक सद्‌गृहस्थ फिरून परत येत होते. टबाजवळ थांबून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गटारातला मासा आहे हा. सरकारने बंदी घातली आहे. पण हे लोक काय, काहीही खातात." एवढे बोलून त्यांनी टबाला पायाने ढकलले. पाणी सांडले, दोन मासे रस्त्यावर पडले. बाईने काही न बोलता ते उचलून पुन्हा टबात टाकले.

मी वकील आहे. बंदी आहे हे मला माहीत होते. मी बाईजवळ बसून म्हटले, "मावशी, ह्या माशाला खरंच बंदी आहे. पकडलं तर तुमचाच माल जाईल." त्यावर ती म्हणाली, "मना काय म्हायती दादा? पहाटे टेंपो येतो, आमी घेतो. बंदी हाय तर त्या टेंपोवाल्याला सांगा. आन् नदीत मासा ऱ्हायला असता तर हा कशाला इकला असता?"

तिच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजचा हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. विषय माशाचा आहे, म्हणून वाचकांनी पान उलटू नये. मासा कोण खातो, कोण विकतो, नदी कोण नासवतो आणि शिक्षा कोणाला होते, हे चारही प्रश्न आपल्या चळवळीचेच आहेत.

हा मासा आहे तरी कोण?

मांगूर किंवा मागूर हे एकाच माशाचे नाव नाही, एका कुळाचे आहे. शास्त्रज्ञ या कुळाला 'क्लॅरियस' म्हणतात. आफ्रिका आणि आशिया या दोन खंडांतल्या उष्ण प्रदेशातील गोड्या पाण्यात त्याच्या सुमारे साठ जाती आढळतात. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेला लांबलचक पर, ही त्याची ओळख.

पण त्याची खरी ओळख डोक्याच्या आत आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा दिसणारा एक अवयव असतो. त्याच्या जोरावर हा मासा पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो. ज्या पाण्यात प्राणवायू संपल्यामुळे इतर मासे तडफडून मरतात, त्या पाण्यात मांगूर वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाला जातो. डबके आटले तर चिखलात दबा धरून बसतो. पावसात काट्यांच्या आधाराने सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो.

आपल्या देशातला मूळचा मागूर लहान चणीचा. बिहार राज्याने तर त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला मागूरचा रस्सा देण्याची पद्धत बिहार-बंगालमध्ये जुनी आहे. पुस्तकांतून त्याची नोंद बराच काळ 'क्लॅरियस बॅट्राकस' या नावाने होत असे. पुढे शास्त्रज्ञांनी ते नाव जावा बेटावरच्या माशासाठी राखले आणि आपल्याकडच्याला 'क्लॅरियस मागूर' म्हटले. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत हा देशी मागूर आज संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

त्या रविवारी टबात होता तो दुसरा. त्याचे नाव 'क्लॅरियस गॅरिपिनस'. दक्षिण आफ्रिकेतल्या गारीप म्हणजेच ऑरेंज नदीवरून हे नाव पडले. हा दीड मीटरपर्यंत वाढतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बांगलादेशमार्गे चोरवाटेने भारतात आला. बांगलादेशात तो थायलंडहून आला होता, म्हणून बाजारात त्याला 'थाई मांगूर' म्हणतात. देशी मागूर वर्षभर सांभाळला तरी शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. हा काही महिन्यांत किलोच्या घरात जातो. त्याला पाण्यात हवा सोडणारी यंत्रे लागत नाहीत, महागडे खाद्य लागत नाही. कोंबड्यांच्या दुकानातली आतडी आणि कत्तलखान्याचा टाकाऊ माल टाकला तरी तो वाढतो. छोट्याशा तळ्यात खच्चून भरला तरी जगतो. फायद्याचा हिशेब करणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

बंदी बरोबर आहे

इथे गैरसमज नको. या माशावरची बंदी चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. केंद्र सरकारने २००० साली आफ्रिकन मांगूरच्या पैदाशीला आणि विक्रीला बंदी घातली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये ती कडकपणे राबवण्याचे आदेश दिले. त्यानंतर महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाने ठाणे, रायगड, पालघर, पुणे या जिल्ह्यांत तळी शोधून काढली, खड्डे खणून मासे पुरले.

बंदीमागे ठोस कारण आहे. हा मासा खादाड आहे. लहान मासे, बेडूक, किडे, माशांची अंडी, जे तोंडात मावेल ते तो खातो. तळ्यातून एकदा का नदीत सुटला की त्याला परत धरता येत नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात तो शिरला, तेव्हा वनखात्याला तो मोठ्या संख्येने बाहेर काढावा लागला. आपल्या उजनी जलाशयातही तो पोहोचला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात याच कुळातला आशियाई मासा १९६० च्या दशकात मत्स्यपालकांच्या ताब्यातून निसटला आणि तिथल्या दलदलीत कायमचा राहिला.

उल्हासच्या खोऱ्याला हा धोका जास्त आहे, कारण ही पुराची नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेही ताजेच आहे. असा पूर येतो तेव्हा काठावरच्या तळ्याचा बांध आणि नदी यांच्यात फरक राहत नाही. तळ्यातला मासा नदीचा होतो. नुकसान होईल हे दिसत असताना ते होऊन जाईपर्यंत थांबू नये, हे सावधगिरीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर नागरिक मंच प्रकरणात मान्य केले आहे. त्या तत्त्वाने पाहिले तर ही बंदी योग्यच ठरते.

पण बंदी योग्य असणे वेगळे आणि बंदीच्या आडून एका समाजाला हिणवणे वेगळे. 'गटारातला मासा' आणि 'हे लोक काहीही खातात' ही दोन वाक्ये एका दमात का येतात, याचा विचार आपण केला पाहिजे.

जन्माने गुन्हेगार कोणी नसतो

मांगूर हा मुळात घाणेरडा, विषारी मासा आहे, तो खाल्ला की भयंकर रोग होतात, अशी समजूत पसरलेली आहे. वस्तुस्थिती काय आहे? नायजेरियात हाच मासा मोठ्या प्रमाणावर पाळला जातो आणि तिथल्या घराघरांत मानाने खाल्ला जातो. युरोपातल्या नेदरलँड्समध्ये बंदिस्त टाक्यांत, स्वच्छ पाण्यात त्याची शेती होते. आफ्रिकेतल्या नद्यांत तो उपरा नाही. तिथे त्याला खाणारे आहेत, त्याची संख्या आवरणारे आहेत.

म्हणजे दोष माशाच्या जातीत नाही. दोष तीन गोष्टींत आहे. त्याला नको त्या नदीखोऱ्यात आणले, सडका माल खायला घातला आणि घाण पाण्यात वाढवले. तळे विषारी असेल तर त्यातला मासाही विषारी होईल, मग तो मांगूर असो की रोहू. ही तिन्ही कृत्ये माणसाची आहेत. माशाने यातले काहीही केलेले नाही.

आपल्या देशाला मात्र जन्मावरून गुन्हा ठरवण्याची जुनी खोड आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींना पाळण्यातच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला. पण गावकुसावरच्या पोलीस पाटलाच्या डोक्यातून तो गेला का?

घाणीत राहणाऱ्याला घाणेरडे म्हणण्याची खोड त्याहून जुनी. आधी मेलेले ढोर ओढायला लावायचे, त्याचे मांस खायला भाग पाडायचे आणि मग 'तुम्ही मेलेले ढोर खाता म्हणून अस्पृश्य' असे म्हणायचे. अन्नातून अस्पृश्यता कशी उभी केली गेली, याची मांडणी बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात केली आहे. सोनिवलीच्या रस्त्यावर त्या दिवशी मला तोच डाव नव्या रूपात दिसला. नदीतला चांगला मासा मारून टाकायचा, गरिबाच्या ताटात नाल्याच्या पाण्यात वाढलेला स्वस्त मासा येऊ द्यायचा आणि मग त्याच ताटाकडे बोट दाखवून नाक मुरडायचे.

नदीतला मासा कुठे गेला?

त्या बाईच्या प्रश्नाकडे आता वळू. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कोंढाण्याच्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याकडून ती खाली येते, कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापूरला पोहोचते आणि कल्याणच्या पुढे वसईच्या खाडीकडे जाते. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी तिला मिळत असल्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. बदलापूरच्या बॅरेजपासून खाली शहाड-मोहिलीपर्यंत लाखो लोकांचे पिण्याचे पाणी याच नदीतून उचलले जाते. १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांसाठी वसवलेल्या शहराला 'उल्हासनगर' हे नावही या नदीवरूनच मिळाले.

माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, पहिला पाऊस पडला की वलगणीचे मासे चढायचे. नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यातून वर, भाताच्या खाचरांत यायचे. आमच्या बौद्धवाड्यातली पोरे, कातकरीवाडीतली पोरे, आगऱ्यांची पोरे, सगळी कंदील घेऊन बांधावर. मरळ, वाम, शिंगटी, मळे. त्या रात्री कोणाच्या घरी मासा शिजला नाही असे होत नसे. त्याला पैसे पडत नव्हते. कोणत्याही योजनेत न लिहिलेले ते गरिबाचे पोषण होते.

आज ओढ्यांचे नाले झाले, खाचरांवर सिमेंट पडले. वलगणीचा मासा चढणार कुठून? आणि नदीत तरी काय उरले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वर्ग ठरवले आहेत. मासे आणि वन्यजीव नीट जगावेत यासाठी एक लिटर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा लागतो. प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत आले की ते कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. वर जलपर्णीची चादर पसरते, ती पुढे सडते आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. मरळीसारखा हवा घेणारा मासा थोडा तग धरतो. बाकीचे मरतात. शेवटी जो हवा पिऊन जगतो तोच राहतो. मांगूरची शिरजोरी निम्मी त्याची स्वतःची आहे आणि निम्मी आपण नासवलेल्या पाण्याची.

उल्हासच्या शेजारची वालधुनी पाहा. अंबरनाथच्या डोंगराकडून निघून अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून ती वाहते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांनी तिचे गटार केले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून रसायन या नदीत ओतले गेले आणि उल्हासनगरात काठावरच्या शेकडो रहिवाशांना विषारी वायूने बाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले. काठावर कोण राहत होते? बंगलेवाले नव्हते. नदीकाठची जागा ही आपल्या शहरांत नेहमी त्यांचीच असते, ज्यांना दुसरी जागा दिली जात नाही.

उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' या संस्थेने २०१३ साली हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने प्रदूषणाला जबाबदार असलेल्यांना कोट्यवधी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कारखान्यांवर कारवाई झाली. हे सारे संस्थेच्या चिकाटीने झाले आणि त्याचे मोल मोठे आहे. पण नदीकाठी जाऊन वास घेतला की कळते, लढाई संपलेली नाही.

कायद्याचे दोन तराजू

आता माझ्या व्यवसायातले बोलतो. मांगूर सापडला तर काय होते? तळे उपसतात, मासा मारतात, खड्ड्यात पुरतात. सुनावणी नाही, तारीख नाही, जामीन नाही. रस्त्यावर विकणाऱ्या बाईचा टब जप्त होतो. तिचे भांडवल तेवढेच.

नदी नासवणारा सापडला तर काय होते? १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात नदीत घाण सोडणाऱ्याला दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. पन्नास वर्षांत या कलमाखाली किती कारखानदार तुरुंगात गेलेले आपण पाहिले? आणि २०२४ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. ही दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांना ठराव करून ती स्वीकारण्याची वाट मोकळी ठेवली.

माशाला मरणाची शिक्षा आणि नदी मारणाऱ्याला पावती! मनूच्या कायद्यात एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा होती. आजच्या कायद्यात वर्ण लिहिलेला नाही, हे बाबासाहेबांचे उपकार. पण अंमलबजावणीत ऐपत पाहिली जाते, हे आम्ही वकील रोज कोर्टाच्या आवारात पाहतो.

आपल्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. १९९१ च्या सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा उपभोग हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात न्यायालय म्हणाले की, नद्या या जनतेच्या मालकीच्या असून सरकार त्यांचे केवळ विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव बुडवली तर जाब विचारण्याचा हक्क मालकाला असतो. सोनिवलीच्या रस्त्यावरची ती बाई उल्हास नदीची मालकीण आहे. तिला हे कोणी सांगितलेले नाही.

महाड ते बदलापूर

पाण्याच्या प्रश्नावर आपली चळवळ उभी राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गुरेढोरे ज्या तळ्यावर पाणी पीत, त्या तळ्यावर माणसाला मज्जाव होता. आपण पाणी प्यायल्यावर तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राने ते शुद्ध करण्यात आले. म्हणजे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे हे शास्त्र! त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, मे १९२७ मध्ये, बाबासाहेब याच बदलापुरात आले आणि शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष झाले. महाडची लढाई कोर्टात दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळ्यावरचा आपला हक्क कायम झाला.

महाडला प्रश्न होता, पाण्याला हात कोणी लावायचा? आजचा प्रश्न आहे, पाण्यात विष कोणी सोडायचे आणि ते कोणी प्यायचे? 'बाटवणे' या शब्दाचा खरा अर्थ आता उलगडला आहे. आपल्या स्पर्शाने एकही तळे कधी बाटले नाही. ज्यांच्या नळकांड्यांतून रात्री-अपरात्री रंगीत पाणी नदीत सुटते, त्यांनी मात्र आख्खी नदी बाटवली. त्यांना शेण-गोमूत्र शिंपडायला कोणी सांगत नाही!

बाबासाहेबांचे पाण्यावरचे काम महाडला थांबत नाही, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांनी केली. नदीचे तुकडे करून चालत नाही, आख्खे खोरे एक धरून एका जबाबदार यंत्रणेकडे दिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. उल्हासचे आज काय चालले आहे? वरची नगरपालिका खालच्या महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका औद्योगिक महामंडळाकडे, महामंडळ कारखानदाराकडे आणि कारखानदार पुन्हा नगरपालिकेच्या सांडपाण्याकडे. फिरून फिरून बोट शेवटी त्या टबाकडे येते.

धम्माच्या दृष्टीने

काही उपासक विचारतील, माशांच्या हत्येचा विषय आपण कसा काय घेता? प्रश्न रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. बुद्धांची अहिंसा त्यांनी आंधळा नियम म्हणून मांडली नाही, विवेकाने वागण्याचे तत्त्व म्हणून मांडली. नदीतले असंख्य जीव वाचवण्यासाठी आगंतुक मासा काढावा लागत असेल, तर ती गरज आहे. त्यात हौस नसावी, तमाशा नसावा. जेसीबीने खड्डा खणून फोटो काढणे म्हणजे पर्यावरणरक्षण नव्हे. कार्यकारणभाव ही बुद्धांची शिकवण. कारण तसेच ठेवून परिणाम पुरला तर तो पुन्हा उगवतो. सांडपाणी नदीत येत राहील, स्वस्त प्रथिनाची गरज कायम राहील, तोवर एका तळ्यातला मांगूर पुरला तर दुसऱ्या तळ्यात वाढेल.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ती बाई आणि तो टेंपोवाला यांना एका तराजूत तोलू नये. पैदास करणारा, बीज आणणारा, टेंपो भरणारा यांच्यावर कारवाई व्हावी. रस्त्यावर विकणाऱ्या गरीब बायांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ खाली ओळखपत्र आणि बसायला जागा मिळावी. बंदी नसलेला मासा त्यांना रास्त भावात मिळेल याची व्यवस्था मत्स्यव्यवसाय विभागाने करावी. नुसती बंदी म्हणजे उपासमार.

दुसरी गोष्ट, देशी मागूरचे बीज. याच्या पैदाशीत अडचण आहे, कारण नर माशाचे वीर्य सहज पिळून निघत नाही, त्यासाठी बहुधा नर मारावा लागतो. त्यामुळे बीज कमी आणि महाग. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने देशी मागूरच्या पैदाशीवर काम केले आहे. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था तर मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून आहे. वर्सोव्यापासून बदलापूर किती लांब? तिथले ज्ञान आपल्या वस्तीतल्या तरुणांपर्यंत आणि बचत गटांपर्यंत आणण्याचे काम कार्यकर्त्यांनी केले पाहिजे. गावतळी ठेक्याने देताना ती त्याच त्या ठेकेदारांच्या घशात जातात. बौद्ध, कातकरी, भूमिहीन यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या तर तळ्यावरचा हक्क महाडच्या पुढचे पाऊल ठरेल.

तिसरी गोष्ट, कातकरी बांधवांचा हक्क. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष दुर्बल आदिम जमाती मानल्या जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये वनातल्या जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. जिथे हा कायदा लागू होतो तिथल्या वाड्यांनी दावे दाखल करावेत. अर्ज लिहायला आपले वकील, आपले पदवीधर पुढे यावेत. मी येईन.

चौथी गोष्ट, हिशेब मागणे. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत रोज किती सांडपाणी तयार होते, त्यातल्या कितीवर प्रक्रिया होते, बाकीचे कुठे जाते, बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांची तपासणी शेवटची कधी झाली, हे चार प्रश्न प्रत्येक शाखेने विचारावेत. दहा रुपयांचा अर्ज आहे. जयंतीच्या मंडपाच्या खर्चातला एक पडदा कमी केला तर वर्षभराचे अर्ज होतील.

शेवटी त्या सद्‌गृहस्थांविषयी. त्यांच्या इमारतीचे सांडपाणी कुठे जाते, असे मी त्यांना त्याच वेळी विचारले होते. ते म्हणाले, "ते बिल्डरला माहीत." मी म्हटले, "साहेब, मग हा मासा तुमच्याच घरचे पाणी पिऊन मोठा झालेला असू शकतो." ते रागावून फाटकातून आत गेले. बाई हसली.

मी त्या दिवशी मासा घेतला नाही. बंदी असलेला माल वकिलाने घेणे बरोबर नव्हे. पण तिने विचारलेला प्रश्न घेऊन आलो. उल्हासच्या पाण्यात मरळ आणि वाम परत आली, पहिल्या पावसात वलगणीचा मासा पुन्हा चढला, तर तिला टेंपोची वाट पाहावी लागणार नाही आणि मांगूर आपोआप बाजारातून उठेल. तोवर टबाला लाथ मारणाऱ्यांना एवढेच विचारत राहू या, नदी कोणी मारली?